मोकळ्या पदरानं जायचं नाही

मल्लेश्वरमात गोदाक्काच्या घरात शिरणं सोपं होतं. फाटकाला कडी नव्हती, आणि राखणीला ठेवलेलं कुत्रं इतकं आळशी की चोर आला असता तर त्यानं एक डोळा उघडून त्याला देव्हाऱ्याची वाट दाखवली असती. अवघड होतं ते बाहेर पडणं. बाईमाणूस त्या घरातून ओटी भरून घेतल्याशिवाय सुटलं, असं माझ्या ऐकिवात नाही. पदर पसरायचा, तांदूळ घ्यायचे, नारळ घ्यायचा, खण असेल तर खण, नसेल तर परसातले दोन चिक्कू, आणि कपाळावर कुंकू असं ठसठशीत की लांबून येणाऱ्या सायकलवाल्यानं लाल दिवा समजून ब्रेक दाबावा.

कासारीण बांगड्या भरायला आली, तिची ओटी. शाळेतल्या मास्तरीणबाई पोराची तक्रार घेऊन आल्या, तक्रार बाजूला राहिली, त्यांची ओटी. गोठ्यातली म्हातारी गाय पांजरपोळात पाठवली तेव्हा तिच्या पाठीवर खण पसरून गोदाक्कानं तिची ओटी भरली, आणि ती गाय दुसऱ्या दिवशी सकाळी पांजरपोळातून परत येऊन फाटकाशी उभी राहिली. जनावर असलं तरी माहेर कुणाला कळत नाही?

मी तिच्या परसातल्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून गेले ती धारवाडहून, नवी नवरी. ह्यांची बेंगळुरात नवीन नोकरी. पहिल्याच दिवशी मी विरजण मागायला गेले, ओटी भरून आले. विळी मागायला गेले, ओटी भरून आले. संध्याकाळी हे म्हणाले, "तू तिकडे दिवसातून स्वल्प आणखी फेऱ्या मारशील तर तांदूळ विकत आणायला नको." कन्नड शब्द त्या गल्लीत मराठीत येऊन मिसळायचे, विरजण दुधात मिसळावं तसे. गोदाक्काचं घराणं तर कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. तिच्या मराठीला बेंगळुरची हवा लागली होती. थंड, पण खणखणीत.

मला ती नावानं कधी हाक मारायची नाही. "ए धारवाड!" एवढंच. आणि त्या हाकेला धारवाडातून कुणी ओ दिली असती तरी मला नवल वाटलं नसतं.

एकदा तिच्याकडे हळदीकुंकवाला समोरच्या चंपाबाई होत्या. चंपाबाई म्हणजे आमच्या गल्लीचं चालतंबोलतं धर्मशास्त्र. कुठल्या वारी नखं काढावीत इथपासून जावयानं कुठल्या पायानं उंबरा ओलांडावा इथपर्यंत सगळं त्यांच्याकडे तयार असायचं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लग्नाला दोन वर्षं झाली ना गं? अजून काही नाही?" मी पदर गुंडाळून मागं सरकले. गोदाक्का हातातलं सूप घेऊन सरळ माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "पसर. मी ओटी पदराची भरते, पोटाची नाही." चंपाबाईंच्या तोंडातला विडा तसाच राहिला. हे वाक्य ती नेहमी म्हणायची, पण त्या दिवशी ते माझ्या अंगावर शालीसारखं पडलं.

अशी ही गोदाक्का. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. आणि ती आजारी आहे हे गल्लीला कळलं ते कसं, तर तिचा आवाज पुढच्या ओसरीवरून येईनासा झाला आणि मागच्या पडवीतून यायला लागला.

त्या घरात सोवळंओवळं कडक. बायका महिन्यातले चार दिवस मागच्या पडवीत बाहेरच्या बसायच्या. गोदाक्का मात्र आता महिन्यातले चार दिवस आत दिसायची, बाकी सगळे बाहेर. चेहरा चुन्याच्या भिंतीसारखा झाला होता. दोन पायऱ्या चढली की दम लागे. विचारलं तर म्हणे, "वय झालं की असं जाता जाता जोरात पडतं. पावसाळा संपताना पडतो तसं." स्वयंपाक आला अण्णांकडे, म्हणजे तिच्या यजमानांकडे. अण्णा सरकारी कचेरीत कारकून, शांत, सडपातळ, बायकोच्या आवाजाच्या सावलीत सुखानं वाढलेला माणूस. त्यांचं सार इतकं पातळ व्हायचं की ताटात वाढलं की समोरच्या घराचं प्रतिबिंब दिसायचं, चंपाबाईंसकट.

शेवटी एक दिवस ती पडवीतच चक्कर येऊन पडली, आणि अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "जटका बोलावतो. उठायचं." घोड्याच्या त्या गाडीत एका बाजूला अण्णा, एका बाजूला मी, मध्ये गोदाक्का, असे आम्ही बायकांच्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

तिथली डॉक्टरीण अंगानं चिंचेच्या शेंगेएवढी, पण सबंध दवाखाना तिला बघून आवाज न करता चालायचा. तपासून झाल्यावर तिनं कन्नडमध्ये सांगितलं, "गोदाम्मा, पिशवीत गाठ आहे. मोसंब्याएवढी. वाईट नाही, पण रक्त पिते आहे. पिशवी काढायची."

परत येईपर्यंत ही बातमी जटक्याच्या पुढं पळाली. पिठाच्या गिरणीशी गाठ नारळाएवढी झाली होती. आठव्या क्रॉसला, म्हणजे आठव्या आडगल्लीशी, फणसाएवढी. चंपाबाईंकडे पोचली तेव्हा तिला दात आणि केस होते.

पण ऑपरेशन लगेच होईना. अंगात रक्तच नव्हतं. "आधी रक्त भरा," डॉक्टरीण म्हणाली, "मग मी सुरी हातात घेईन. दोन-तीन महिने लागतील." लोखंडाचं औषध दिलं, काळं कुट्ट. त्यानं दात काळे होतात म्हणून गोदाक्का ते पपईच्या देठाच्या नळीतून प्यायची, कृष्णानं लोणी चोरून खावं तशी डोळे मिटून. आणि आठवड्याला सुई. पहिल्या सुईला तिनं विचारलं, "ह्यात काय आहे?"

डॉक्टरीण खोटं बोलायची नाही. "प्राण्याच्या काळजातून काढलेलं असतं. यकृत."

अण्णांनी कानांना हात लावले. गोदाक्कानं सुई वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग म्हणाली, "तोंडातून घ्यायचं का?"

"नाही, दंडातून."

"मग सरी, चालेल. सोवळं तोंडाला असतं, दंडाला नाही. टोचा."

शेवग्याचा पाला, नाचणीची आंबील, खजूर, गूळ-शेंगदाणे, बीट. त्या दिवसांत मल्लेश्वरमच्या बाजारात बीट मिळेनासं झालं ते का, हे भाजीवाल्यांना अजून ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. एवढं सगळं पोटात जात होतं, तरी महिन्यानं बोट टोचून बघितलं तर रक्त होतं तिथंच. डॉक्टरीण कागदाकडे बघे, गोदाक्काकडे बघे. "हे जातं कुठं? तुम्ही औषध कुंडीत ओतता का?"

गोदाक्का दुखावली. "देवाशप्पथ रोज घेते."

"मग जेवत नाही."

"जेवते की."

आणि मागून अण्णा हळूच म्हणाले, "बुधवारी."

असं निघालं की ऑपरेशन नीट व्हावं म्हणून बाईनं नवस बोलले होते. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार पुन्हा देवीचा, कारण मंगळवारची देवी तुळजापूरची आणि शुक्रवारची कोल्हापूरची, शनिवार मारुतीचा, रविवार सूर्याचा. सगळे उपास. एका पिशवीसाठी तिनं तेहतीस कोटींतले निम्मे देव कामाला लावले होते आणि त्या सगळ्यांना दिलेला पगार म्हणजे तिचं स्वतःचं जेवण.

डॉक्टरीण टेबलावर हात आपटून म्हणाली, "देवांना सांगा, एवढे जण नकोत. मी एकटी पुरे आहे. आणि हे उपास आजच्या आज सोडा."

"नवस मोडला तर?"

"उपाशी पोटी मी ऑपरेशन केलं तर?"

दोघीही हटेनात. तोडगा काढला अण्णांनी, तोही परत येताना, जटक्यात, घोड्याच्या पाठीकडे बघत. "उपास मोडायचा नाही गं. पण प्रसाद तर टाकता येत नाही ना?"

"छे! प्रसाद कसा टाकायचा?"

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरातल्या देवांचे नैवेद्य बदलले. मारुतीला गूळ-फुटाणे, ओंजळभर नव्हे, पातेलंभर. देवीला बिटाचा हलवा. शंकराला नाचणीची खीर. दत्ताला खजूर. आणि सूर्यनारायणाला शेवग्याच्या पाल्याचं थालीपीठ, ज्याची कल्पना सूर्यालाही कधी आली नसेल. नैवेद्य दाखवला की सगळा प्रसाद एकट्या गोदाक्कानं संपवायचा, कण टाकायचा नाही, पाप लागतं. ती डोळ्यांत पाणी आणून खायची. "अहो, पोट फुटेल," म्हणायची. अण्णा जपमाळ ओढत म्हणायचे, "देवाचं आहे, मी काय बोलणार?" महिन्याभरात तिच्या गालांवर असा लाल रंग चढला की बीट कुठलं आणि गाल कुठला, कळेना.

तयारीतला दुसरा भाग छातीचा. डॉक्टरीण म्हणाली होती, "भूल दिल्यावर छातीत कफ धरतो. आतापासून श्वास वाढवा. रोज काहीतरी फुंकत जा. फुगा म्हणा, फुंकणी म्हणा."

फुंकणी! चुलीसमोर तिनं आजवर इतकं फुंकलं होतं की त्या वाऱ्यावर जहाज चाललं असतं. तिला काहीतरी मोठं हवं होतं. तिनं देव्हाऱ्यातला शंख उचलला.

चंपाबाई रस्ता ओलांडून धावत आल्या. "अगं, बायकांनी शंख फुंकू नये! पिशवीला धक्का बसतो!"

गोदाक्कानं शंख खाली घेतला, त्यांच्याकडे अगदी प्रेमानं बघितलं आणि म्हणाली, "चंपाक्का, जिला धक्का बसायचा ती तर घर सोडूनच चालली आहे. आता नाही फुंकला तर कधी फुंकू?"

पहिले दोन दिवस म्हशीला उचकी लागावी तसा आवाज यायचा. तिसऱ्या दिवशी सूर सापडला. आठवड्यात तो इतका लांबला की नळावरच्या बायका तेवढ्यात एक घागर भरून घ्यायच्या. मग एके सकाळी तिनं छाती भरून जो शंख फुंकला, तो मल्लेश्वरम स्टेशनात उभ्या गाडीच्या गार्डनं ऐकला, त्याला वाटलं पुढून दुसरं इंजिन येतंय, आणि त्यानं गाडी सोडलीच नाही. गाडी अडकून पडली, हापिसात जाणारे सगळे उशिरा गेले, अण्णांचा साहेबही. हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण न पाहिलेल्या गोष्टीही खऱ्या असतातच की.

तर अशी तयारी झाली. रक्त पुरेसं झालं, श्वास पुरून उरेल एवढा झाला. डॉक्टरीण खूश. "पुढची पाळी यायच्या आत करून टाकू. ती आली तर मिळवलेलं सगळं वाहून जाईल. पुढच्या सोमवारी दाखल व्हा." गोदाक्कानं बॅग भरली, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले.

आणि त्या आठवड्यात एका सकाळी शंख वाजला नाही.

मी परसातून पडवीत गेले. गोदाक्का जात्याच्या दगडावर बसली होती, शंख मांडीत. माझ्याकडे न बघता म्हणाली, "धारवाड, मी ऑपरेशन करणार नाही. आत्ता नाही. शारदेचं बाळंतपण होऊ दे, मग बघू."

शारदा तिची सगळ्यांत धाकटी, म्हैसूरला दिलेली, पहिल्यांदाच गरोदर. सातव्या महिन्यात माहेरी तिचं सीमंत व्हायचं होतं, म्हणजे ओटीभरण. आईनं लेकीची ओटी भरायची.

"पण अक्का, डॉक्टरीण म्हणाली ना, पाळी आली तर—"

"काल चंपाक्का आली होती," ती म्हणाली. मग तिनं जे सांगितलं ते चंपाबाईंच्याच आवाजात सांगितलं, इतकं ते तिच्या कानात बसलं होतं. "गोदा, पिशवी काढ, जीव वाचव, माझं काही म्हणणं नाही. पण नंतर शारदेची ओटी तू भरू नकोस. पिशवी नसलेल्या बाईनं पहिलटकरणीची ओटी भरलेली मी तरी ऐकली नाही. लेकीच्या जिवाचा प्रश्न, म्हणून आपलं बोलले."

मी म्हणाले, "चंपाबाईंचं काय ऐकता?"

"माझं मी असते तर ऐकलं नसतं. पण शारदेच्या पोराला काही झालं तर?" आणि मग अगदी हळू, मी तिचा तेवढा हळू आवाज कधीच ऐकला नव्हता, "आणि उद्यापासून मला कुणी ओटीला बोलावलं नाही तर मी करू तरी काय गं? मला दुसरं येतं तरी काय?"

अण्णा दारात उभे होते. त्यांनी टोपी घातली, छत्री घेतली आणि निघून गेले.

ते गेले जयनगरला, थोरल्या बहिणीकडे, कमळाक्कांकडे. जयनगर तेव्हा नवीन वसत होतं. मल्लेश्वरमच्या लोकांना ते इतकं लांब वाटायचं की तिकडे जाणाऱ्याला शिदोरी बांधून द्यायचे आणि परत येईपर्यंत काळजी करायचे. कमळाक्का म्हणजे गोदाक्काची नणंद. उंच, वाळक्या, जिभेला धार. नवरा कोर्टात, मूलबाळ नाही. समारंभात त्या कधी पुढं यायच्या नाहीत. कुणाची ओटी त्यांनी कधी भरली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "माझ्या हाताला गुण नाही." आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरत बसायच्या.

दुपारी अण्णा त्यांना घेऊन आले. कमळाक्कांनी पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही. सरळ पडवीत आल्या.

"गोदे, काय ऐकते मी? शंख का बंद?"

"वन्सं, बसा तरी."

"बसायला नाही आले. आधी सांग. ऑपरेशन पुढं ढकललंस?"

"शारदेच्या ओटीसाठी हो. एकदा ती भरली की—"

"का? पिशवी नसली की ओटी भरता येत नाही?"

"मी नाही म्हणत वन्सं. लोक म्हणतात."

कमळाक्का खाली वाकल्या. "तू लग्न होऊन आलीस त्या वर्षीचं चैत्रातलं हळदीकुंकू आठवतं? मी स्वयंपाकघराच्या दारामागं उभी होते. मला कुणी बोलवत नव्हतं, मी जात नव्हते. एवढीशी पोर तू, नाकात नथ मावत नव्हती. सगळ्या थोरल्या बायका सोडून सूप घेऊन दारामागं आलीस. हळदीकुंकवाला आलेल्या माझ्या सासूनं 'अगं अगं' केलं. तू काय म्हणालीस तिला?"

गोदाक्का शंखावरून बोट फिरवत राहिली.

"बोल की! इतर वेळी गल्ली डोक्यावर घेतेस!"

"ओटी पदराची असते, पोटाची नसते."

"तेव्हापासून दरवर्षी पहिली ओटी माझी भरलीस. दरवर्षी तेच म्हणालीस. मी ते खरं मानलं, गोदे. त्या एका वाक्यावर मी चारचौघांत मान वर करून बसले. आता सांग, तेव्हा खोटं बोलत होतीस का? माझ्यापुरतं खरं, आणि तुझ्यावर आलं की खोटं?"

गोदाक्कानं मांडीतला शंख बाजूला ठेवला, उठली, आणि नणंदेच्या गळ्यात पडून इतकी रडली, इतकी रडली, की त्या वर्षी पडवीच्या फरशीतून पिंपळ उगवला तो उगाच नाही. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "हे कुठायत? जटकेवाल्याला सांगा, सोमवारी सकाळी लवकर ये. आणि वन्सं, तुम्ही सोमवारपर्यंत इथंच राहायचं. तुमच्याकडे काम आहे."

सोमवारी सकाळी तिनं अख्खी गल्ली बोलावली. चंपाबाईंनासुद्धा. स्वतः हिरवं लुगडं नेसून, डोक्यात शेवंतीची वेणी घालून पाटावर बसली. आम्हांला वाटलं तिची ओटी भरायची. ती म्हणाली, "माझी नव्हे. हिची." आणि पोटावर हात ठेवला.

"ह्या घरातून आजवर कुणी मोकळ्या पदरानं गेलं नाही. कासारीण गेली नाही, गाय गेली नाही. मग हिला कशी पाठवू? पाच पोरांचं पहिलं घर होतं हे. भाडं घेतलं नाही, कुणाला बाहेर काढलं नाही, सगळ्यांना वेळेवर सोडलं. आता दमली बिचारी. रागानं नाही जात, काम संपलं म्हणून जाते. तिची पाठवणी नीट करू या." मग मागं वळून, "वन्सं, या."

कमळाक्का स्वयंपाकघराच्या दारात, हातात विळीवरची काकडी. "मी नको गं. माझ्या हाताला—"

"तुमच्याच हातानं. पहिली ओटी तुमची. नाहीतर मी ह्या पाटावरून उठत नाही, आणि डॉक्टरीण सुरी घेऊन इथं येईल."

कमळाक्का आल्या. अर्धे तांदूळ पाटावर सांडले. नारळ घातला, खण घातला, हळकुंड, सुपारी. कुंकू लावलं ते कपाळाच्या जरा डावीकडे. गोदाक्कानं ते पुसू दिलं नाही. तसंच वाकडं कुंकू लावून ती जटक्यात चढली. चंपाबाई फाटकाशी उभ्या होत्या. जटका हलला तेव्हा त्यांनीही गुपचूप दोन तांदूळ चाकांवर टाकले. मी पाहिलं.

दवाखान्यातल्या तयारीबद्दल मी फार लिहीत नाही, पुरुषमाणसंही वाचतील. गोदाक्का एवढंच म्हणाली, "त्या नर्सनं मला आतून-बाहेरून अशी स्वच्छ केली, की दिवाळीला आपण माळासुद्धा इतका झाडत नाही." उपाशी राहायला सांगितलं तेव्हा मात्र तिनं नर्सला अभिमानानं सांगितलं, "त्यात माझा हात कुणी धरणार नाही." भूल द्यायला आलेल्या डॉक्टरनं तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. तिनं घेतला, आणि म्हणतात की त्या खोलीचे पडदे आत ओढले गेले.

आम्ही बाहेर बाकावर. अण्णांच्या हातात कागदाची बारीक पुडी. पुष्कळ वेळानं दार उघडलं, नर्स बाहेर आली, हातात पांढऱ्या मुलाम्याचा ट्रे, वर कापड. तेव्हा काढलेलं घरच्यांना दाखवायची पद्धत होती. "सगळं ठीक झालं. हे बघून घ्या," म्हणाली.

अण्णा उठले. मला वाटलं, आता पडणार. त्यांनी ट्रेकडे बघितलं, पायातल्या चपला काढल्या, पुडी उघडली आणि त्या कापडाच्या कडेला दोन बोटांनी हळद आणि कुंकू लावलं. मग हात जोडले.

"अय्यो, हे काय सर?" नर्स म्हणाली.

"बायकोनं सांगितलंय," अण्णा म्हणाले. "बाहेर आली की कुंकू लावा म्हणून."

ती नर्स वर्षानुवर्षं असले ट्रे नेत असणार. पण त्या दिवशी ती ट्रे घेऊन गेली ती अगदी सावकाश, पालखीला खांदा दिल्यासारखी.

गोदाक्का बरी झाली हे सांगायला नकोच. ओझं उचलायचं नाही, पोटाला पट्टा बांधायचा, खोकला आला तर उशी पोटाशी धरायची, हे सगळं तिनं पाळलं. खाटेवर पडून तिनं गल्लीतली दोन भांडणं मिटवली, एक लग्न जुळवलं आणि अण्णांना सार दाट करायला शिकवलं. पडवी रिकामी झाली ती झालीच. तिथं तिनं कुंड्यांत चिक्कूची रोपं लावली. "आता महिन्याचे सगळे दिवस माझे," म्हणायची. "इतके दिवस असतात हे मला माहीतच नव्हतं गं, धारवाड!"

शारदेचं सीमंत झालं. पाटावर शारदा, पोट असं की हिरव्या साडीच्या निऱ्या तटतटलेल्या. गोदाक्का सूप घेऊन पुढं आली आणि एक क्षणभर थांबली. थांबली हे माझ्याशिवाय कुणाला दिसलं नसेल. तिनं चंपाबाईंकडे नाही, दारातल्या कमळाक्कांकडे बघितलं. कमळाक्का नुसत्या म्हणाल्या, "तांदूळ सांडू नकोस माझ्यासारखे." हशा झाला आणि ओटी भरली गेली. बाळ झालं ते नऊ पौंडांचं, आणि रडलं ते असं, की आजीनं पुन्हा शंख फुंकला असं गल्लीला वाटलं. चंपाबाईंनी नंतर सगळ्यांना सांगितलं की पिशवी काढलेल्या बाईचा हात ओटीला विशेष चांगला, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

आम्ही बेंगळूर सोडलं ते ह्यांची बदली पुण्याला झाली तेव्हा. गाडीचा घोटाळा, सामानाचा घोटाळा, जटका लवकर आला, आणि गोदाक्का नेमकी देवळात. निरोप न घेता निघालो. मल्लेश्वरम स्टेशनात डब्यात बसले आणि लक्षात आलं, त्या घरातून मी पहिल्यांदाच मोकळ्या पदरानं चालले होते. डोळे भरून आले. शिट्टी झाली, गाडी हलली.

आणि मग तो आवाज आला. लांब, खोल, न संपणारा.

गाडी थांबली. हे म्हणतात, पुढचा सिग्नल पडला नव्हता. म्हणोत बिचारे. मी खिडकीतून बघितलं तर फलाटावरून गोदाक्का धावत येत होती. पोटाला पट्टा, एका हातात शंख, एका हातात पिशवी, मागं अण्णा नारळ सांभाळत. धापा न टाकता आली, छाती कमावलेली होती ना.

"ए धारवाड! पसर!"

मी खिडकीतून पदर बाहेर काढला. तिनं तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. सगळा डबा बघत होता. कपाळाला कुंकू लावायला तिनं फलाटावर टाचा उंचावल्या आणि ते लावलं ते जरा डावीकडे, मुद्दाम. मग गार्डकडे वळून, हात वर करून म्हणाली, "सरी. आता सोडा."

आणि गाडी सुटली.